फ्रेंच आटे आणि इंग्लिश आटे: जुन्या प्युजोला भाग घेण्याआधी

जुन्या फ्रेंच रेसिंग सायकलीला तिच्या काळातलेच भाग लावायचे ठरलं की बहुतेक जण नावांच्या मागे लागतात. मॅफॅकचे ब्रेक, सिम्प्लेक्सचे डिरेलर (गिअर बदलणारे भाग), स्ट्राँगलाइटचे क्रँक (पायडलचे दांडे), नॉर्मंडीचे हब (चाकाच्या मधले भाग). नाव बरोबर असतं, वर्ष जुळतं, फोटोही तंतोतंत तोच असतो. भाग घरी येतो आणि बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे, बसल्यासारखा वाटतो. फ्रेंच कंपन्या एकच भाग अनेकदा दोन मापांत काढत. एक माप घरच्या सायकलींचं, दुसरं इंग्लिश मापाच्या गिऱ्हाइकांसाठी. बाहेरून दोन्हींत फरक दिसत नाही.

१९७० च्या आसपासची प्युजो पीएक्स-१० घेऊ. बर्नार तेवने यांनी १९७५ आणि १९७७ सालची टूर द फ्रान्स ज्या प्युजो संघातून जिंकली, त्याच कंपनीची दुकानात मिळणारी ही रेसिंग सायकल. हिच्या फ्रेमच्या नळ्या रेनॉल्ड्स ५३१ च्या, म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या. पण रेनॉल्ड्स त्या फ्रान्ससाठी मिलिमीटरच्या मापात काढून देत असे. सीटची आणि खालची नळी २८ मिमी, इंग्लिश फ्रेममध्ये तीच २८.६. त्यामुळे सीटपोस्टही (सीटखालची दांडी) साधारण २६.४ मिमीचा लागतो, इंग्लिश ५३१ फ्रेममध्ये बहुधा जातो तो २७.२ चा जात नाही. सीटपोस्टचं एक बरं आहे, चुकीचा असला तर लगेच कळतं. आट्यांचं, म्हणजे नट-बोल्टवर असतात तशा फिरत्या चऱ्यांचं, तसं नाही.

इंग्लिश पद्धतीत एका इंचात किती आटे ते मोजतात. हब, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग) आणि हेडसेटला (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) इंचाला २४, म्हणजे एका आट्यापासून पुढच्यापर्यंत १.०५८ मिमी. फ्रेंच पद्धतीत याच तिन्ही जागी अंतर सरळ १ मिमी. दहा आट्यांवर वर्नियर (बारीक माप घेण्याचं साधन) लावला तर एकीकडे १० मिमी भरतात, दुसरीकडे जवळजवळ १०.६. डोळ्यांना हे दिसत नाही. भारतातल्या सायकली ब्रिटिश घराण्यातल्या असल्यामुळे आपल्या कारागिरांचा हात इंची आट्यांवर बसलेला असतो, आणि हाताला दोन्ही जवळपास सारखेच लागतात.

सगळ्यात जास्त नुकसान फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या हबवर आट्यांनी चढणाऱ्या दातेरी चक्रावर, होतं. फ्रेंच हबचे आटे ३४.७ मिमी व्यासाचे, इंग्लिश ३४.८ चे. इंग्लिश फ्रीव्हीलचं भोक एवढंसं मोठं असल्याने ते फ्रेंच हबवर हाताने चढतं, थोडं सैल लागतं इतकंच. आत मात्र दर आट्याला ०.०५८ मिमीची चूक साठत जाते आणि आटे पूर्ण अंगाने टेकण्याऐवजी एखाददुसऱ्या कडेवर टेकतात. फ्रीव्हील पोलादाचं, हब अॅल्युमिनियमचा. पायडल मारताना सगळा जोर फ्रीव्हील आणखी आवळण्यात जातो, म्हणून पहिल्या खऱ्या चढावर हबचे आटे सोलून निघतात. साखळी फिरते, चाक फिरत नाही. त्या काळचा नॉर्मंडी हब असा गेला की तो परत येत नाही. उलट बाजूने फ्रेंच फ्रीव्हील इंग्लिश हबवर नीट सुरूच होत नाही, आणि ते अडकणं हबला वाचवतं. माझं ठाम मत आहे की जुन्या चाकासोबत फ्रीव्हील आलं असेल तर ते फेकू नये. दात झिजले असले तरी त्याच्या आतले आटे हे तुमच्याकडचं खात्रीचं माप असतं. दुसरं फ्रीव्हील घेताना दोन्हींच्या आतल्या आट्यांत पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावून पाहा. गेजचे दात आट्यांत पूर्ण उतरले पाहिजेत, मधून उजेड दिसता कामा नये.

हेडसेटची गोष्ट थोडक्यात सांगता येते. फ्रेंच चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) नळी २५ मिमी, इंग्लिश २५.४. इंग्लिश हेडसेट फ्रेंच नळीवर ढिला बसतो आणि वरचा नट धक्क्यांनी घसरतो. स्टेम (हँडल धरणारा भाग) फ्रेंच २२ मिमीचा, इंग्लिश २२.२ चा. इथे मी सवलत देतो: अॅल्युमिनियमचा इंग्लिश स्टेम आत जाणाऱ्या भागावर पॉलिश पेपरने सगळीकडून सारखा घासून २२ वर आणता येतो, कारण त्यात फ्रेमला काही होत नाही. त्या काळच्या एव्हीए स्टेमबद्दल मात्र सावध राहा. त्यातले काही खालच्या खाचेपाशी चिरतात म्हणून ते बदनाम आहेत. काळ जुळतो एवढ्यावर मी तसला स्टेम रस्त्यावर वापरणार नाही. भिंतीवर लावायच्या सायकलीला शोभेल.

पायडल फ्रेंच १४ मिमीचं, १.२५ च्या अंतराचं. इंग्लिश ९/१६ इंचाचं, म्हणजे १४.२९ मिमी, आणि अंतर १.२७. फ्रेंच पायडलवर उजव्याला डी आणि डाव्याला जी ठोकलेलं असतं, तर इंग्लिश मापाच्या पायडलवर आर आणि एल. अक्षरं वाचता आली तर अर्धा प्रश्न सुटतो. इंग्लिश पायडल फ्रेंच क्रँकमध्ये जोर लावला तर जातं, पण स्वतःचे आटे पाडत जातं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून क्रँक रीतसर ९/१६ करता येतो आणि पुष्कळ जण करतात. लिओतारची फ्रेंच आट्यांची पायडलं अजून जुन्या बाजारात मिळतात, त्यामुळे मला त्याची गरज वाटत नाही.

क्रँक काढण्याच्या पुलरमध्ये तर दोन्ही बाजू फ्रेंचच आहेत आणि तरी घोटाळा होतो. सर्वसाधारण पुलर २२ मिमीचा, टीए या कंपनीच्या क्रँकचा २३ चा, जुन्या स्ट्राँगलाइटचा २३.३५ चा. टीएचा पुलर स्ट्राँगलाइटमध्ये फिरतो, वरवर धरतो आणि ताण आला की क्रँकमधले आटे घेऊन बाहेर येतो.

आता बॉटम ब्रॅकेट. फ्रेंच कप (छर्रे धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वाट्या) ३५ मिमी, १ मिमी अंतराचे, आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारे. इंग्लिश कप ३४.८ मिमी, इंचाला २४, आणि साखळीच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. इंग्लिश रचनेला कारण आहे. पायडल मारताना छर्रे कपात फिरतात आणि फिरता फिरता कपाला उलट दिशेने किंचित सरकवत राहतात. उजव्या कपाला सरळ आटे असतील तर तो हळूहळू सुटत जातो. उलटे आटे असतील तर घट्ट होत राहतो. फ्रेंचांनी सरळ आटेच ठेवले आणि कप ताकदीने आवळण्यावर भिस्त ठेवली. म्हणून पीएक्स-१० चा उजवा कप साफसफाईसाठी उगाच काढू नये, आणि काढलाच तर परत बसवताना त्याच्या दोन सपाट कडांवर गच्च बसणारा लांब पानाच वापरावा.

इथे तिसरा पाहुणा येतो. स्विस मापही ३५ मिमी आणि १ मिमीच, फक्त उजवा कप उलट्या आट्यांचा. १९७० च्या दशकातल्या काही मोटोबेकान सायकलींत ते सापडतं, पुढे काही प्युजोंतही. डावा कप तपासून काहीच उलगडत नाही, कारण तो फ्रेंच आणि स्विस दोन्हींत सारखाच असतो. गंजून बसलेला उजवा कप चुकीच्या दिशेने तासभर आवळत बसण्याआधी त्याच्या तोंडावरचा गंज ब्रशने साफ करून ठसा वाचा. ठसा नसेल तर डाव्या बाजूने कप-एक्सल काढून शेलमध्ये (फ्रेमची कप बसणारी नळी) टॉर्च मारा: उजव्या कपाचं टोक आत डोकावत असेल तर आट्यांचा तिरकेपणा कुठल्या बाजूला आहे ते दिसतं.

शेल खराब निघाला तर दुकानदार एक उपाय हमखास सुचवतात: ३६ मिमीचे इटालियन आटे पाडा. धातू कापला जातो आणि फ्रेम कायमची फ्रेंच राहत नाही. इंग्लिश आटे पाडणं तर त्याहून वाईट, कारण ३४.८ चा टॅप ३५ च्या भोकात पुरेसा कापतच नाही, जुने आटे मात्र खातो. आटे थोडेसेच दुखावलेले असतील तर फ्रेंच मापाचाच टॅप फिरवून साफ करून घ्यावा. मूळ कप मिळत नसतील तर फिल वूडचा बंद बेअरिंगचा बॉटम ब्रॅकेट घ्यावा. तो वेगळ्या रिंगांवर बसतो, आणि त्या रिंगा फ्रेंच आणि स्विस दोन्ही आट्यांत मिळतात. भाग त्या काळचा नाही हे खरं, पण तो क्रँकमागे झाकला जातो, आणि स्ट्राँगलाइटचे कप सापडले की काढून ठेवता येतो.