कृपा आणि नियमशास्त्र : गोमंतकीय ख्रिस्ती परंपरा

ख्रिस्ती धर्मविचारात कृपा म्हणजे माणसाने न कमावता त्याला मिळालेली देवाची माया. माणूस देवाचा ठरतो तो नियम पाळून नव्हे. देवाने त्याला आधीच आपला म्हटलेले असते. चांगले वागणे हे त्या नात्याला आलेले फळ, त्याची किंमत नव्हे. नियमांच्या यादीवरच माणसाचे ख्रिस्तीपण मोजण्याच्या वृत्तीला नियमवाद म्हणतात. मराठी बायबलमधला ‘नियमशास्त्र’ हा शब्द मात्र मुळात मोशेने यहूद्यांना दिलेल्या धर्मनियमांसाठी आहे.

गोव्यात ‘कृपा’ हा शब्द ग्रंथातला नाही, घरातला आहे. दिवेलागणीनंतर कॅथलिक घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते आणि ‘नमान मरिये, कुर्पेन भरलेले’ ही ओळ पन्नास-पन्नास वेळा म्हटली जाते. ‘कुर्पा’ म्हणजे आपली कृपाच. अर्थ कळायच्या आधीच हा शब्द मुलांच्या तोंडी बसतो.

या विचाराची पहिली मोठी कसोटी जेवणाच्या पंगतीत लागली. यहूदी नसलेले लोक ख्रिस्ताकडे येऊ लागले, तेव्हा त्यांनी सुंता करून घ्यावी, खाण्यापिण्याचे यहूदी नियम पाळावेत, असा काहींचा आग्रह होता. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र या बाहेरच्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमहून काही कडवी माणसे येताच तो त्या पंगतीतून उठला. यहूदी नसलेल्यांत प्रचार करणाऱ्या पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर दोष दिला. तो कडवटपणा त्याने गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांस लिहिलेल्या पत्रात अजून जाणवतो. इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेममध्ये भरलेल्या सभेने सुंतेची अट घालायची नाही, असे ठरवले. ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहूदी व्हावे लागत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. कृपा आहे म्हणून पाप करीत राहावे काय, या आक्षेपालाही पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ठाम नकार दिला आहे. स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सुटणे, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही.

गोव्यात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून आला, आणि या नोंदीच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५४२मध्ये धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर आला आणि १५६०मध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, स्थापना झाली. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२पर्यंत चालले. त्याचा १७३६चा जाहीरनामा वाचला की अंत्युखियाची पंगत आठवल्याशिवाय राहत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी दारात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, लग्नात हळद लावू नये, ओव्या म्हणू नयेत, अशी ती यादी. त्यातच भातही येतो. हिंदू घरांत भात बिनमिठाचा शिजवून मीठ वरून घेत. ख्रिस्ती घराने तसे करायचे नाही, भात शिजतानाच मीठ पडले पाहिजे. माणसाची श्रद्धा त्याच्या चुलीवरच्या मडक्यात शोधायची! गलतीयात ‘आधी यहूदी व्हा’ असे सांगितले जात होते, इथे ‘आधी कोकणी-मराठी घरातले वळण टाका’ असे. दोन्हीकडे चूक एकच होती: कृपेने दिलेल्या नात्यावर माणसांनी आपली अट चढवली.

ती अट पूर्णपणे टिकली नाही. आजही लग्नाच्या आदल्या दिवशी कॅथलिक घरात वर किंवा वधूला नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात. त्याला ‘रोस’ म्हणतात, आणि तेव्हा आयाबाया गातात. आपल्या हळदीच्या विधीशी त्याचे नाते ओळखायला कुणा पंडिताची गरज नाही.

त्याच काळात वेगळी वाट चोखाळली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूने. तो १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१९मध्ये इथेच वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्यासाठी त्याने बायबलची कथा ओवीत, मराठीत सांगितली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बिनदिक्कत वापरला. ‘कृपा’ तर संतवाणीने लोकांच्या कानांत आधीच रुजवलेली होती. भाषा बदलल्याशिवाय देव भेटत नाही, असे स्टीफन्सला वाटले नाही. तोही सत्तेच्या सावलीतच काम करीत होता, हे खरे. तरी ओवी हातात घेणाऱ्याला आणि ओवीवर बंदी घालणाऱ्याला एका मापाने मोजता येत नाही.

‘ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद नाही’ असे पौल सांगतो. गोव्यात भेद राहिले. बामण, चार्डो, सुदीर या जाती बाप्तिस्म्यानंतरही टिकल्या आणि काही चर्चमधल्या कॉन्फ्रारियांचे, म्हणजे धार्मिक मंडळांचे, सभासदत्वही जातीवर ठरत असे. वर्णाचा भेद वेगळाच. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रू यांना गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि १६३७मध्ये बिशप झाले. १७८७मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध झालेल्या पिंटोंच्या बंडातही स्थानिक पाद्रींना वरची पदे मिळत नाहीत, ही खदखद होती. एका बाप्तिस्म्याचे दोन दर मानणे हाही नियमवादच. फक्त तो कुठल्या जाहीरनाम्यात लिहावा लागत नाही.

कृपा की कर्म, हा सिद्धांताच्या पातळीवरचा वाद पाश्चात्त्य चर्चमधला. ऑगस्टीन आणि पेलागियस या प्राचीन धर्मविचारवंतांपासून तो सुरू आहे. १५१७नंतर जर्मन धर्मसुधारक लूथरमुळे तो चर्चच्या फुटीपर्यंत गेला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनेही १५४७मध्ये, कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरत नाही, असेच म्हटले होते. १९९९मध्ये ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी या प्रश्नाच्या गाभ्याविषयी एकमताच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, त्यांत बहुसंख्य कॅथलिक. बोलीत ‘बिलिव्हर’ म्हटले जाणारे गट कृपेवर भर देत मूर्ती, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), फेस्त (संतांचा उत्सव) नाकारतात. त्यांतल्या काहींनी दारू-दागिन्यांबाबत स्वतःचे कडक नियम केले आहेत. कॅथलिक घरांत आंगवण, म्हणजे नवस, देवाशी केलेला सौदा होण्याचा धोका असतो. पण वाडीवरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रूसापुढे, लदीन ही सामूहिक प्रार्थना झाली की उकडलेले चणे जमलेल्या सगळ्यांच्या ओंजळीत पडतात. नवस कुणाचा होता, हे विचारून कुणी वाटत नाही.

कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, वेळचा क्रमही पाहण्यासारखा आहे. पाद्री प्रायश्चित्त सांगतो, पण ते करून ये मग क्षमा देतो, असे एरवी म्हणत नाही. क्षमेचे शब्द तिथेच उच्चारतो. सांगितलेली तीन ‘नमान मरिये’ माणूस मग बाकावर येऊन, गुडघे टेकून म्हणतो.