सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावायची थांबली. हौशी लोकांच्या दारात मात्र पद्मिनी अजून उभ्या आहेत आणि त्यांच्याबद्दलची एक समजूतही तशीच टिकून आहे: सेल्फवर सुरू होत नाही, धक्का मारला की लगेच होते, म्हणजे बॅटरी गेली. पण सेल्फ जोमाने फिरत असेल तर आधी इग्निशनच्या तारांकडे बघा.

प्लगला ठिणगीसाठी हजारो व्होल्ट लागतात, बॅटरी १२ची. इग्निशन कॉइलमध्ये तारेची दोन गुंडाळणी असतात: बॅटरीकडची प्रायमरी आणि प्लगकडची सेकंडरी. सेकंडरीला प्रायमरीच्या शंभरपट वेढे धरले तरी १२चे १,२००च होतात. उरलेली किमया करंट तोडण्याच्या वेगाची. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातले), इंजिनबरोबर उघडझाप करणारे दोन संपर्क. ते मिटलेले असताना प्रायमरीतून सुमारे ४ अँपिअर वाहतात आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते कोसळते. जितके झटक्यात कोसळेल तितका विद्युतदाब (व्होल्ट) जास्त, हा फॅरेडेचा नियम. पण उघडणाऱ्या पॉइंटमधली फट सुरुवातीला केसाएवढी असते आणि करंट तिच्यातून उडी मारू पाहतो. तसे झाले तर क्षेत्र रेंगाळत ओसरते आणि पॉइंट जळतात. इथे कंडेन्सर लागतो. जेमतेम ०.२ मायक्रोफॅरडचा हा डबा तेवढ्या क्षणापुरता करंट स्वतःत घेतो आणि तोवर फट पुरेशी रुंदावते. प्रायमरीत ३०० व्होल्टच्या आसपास झटका उठतो, सेकंडरीत २०,०००च्या पुढे.

आता गणित. गाभ्यातली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कॉइलची प्रायमरी ३ ओहमची; जुन्या स्विचमध्ये आणि हिरव्या पडलेल्या जोडांमध्ये मिळून अर्धा ओहम वाढला असे धरा. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टवर येते. करंट १० भागिले ३.५, म्हणजे २.८६ अँपिअर, ऊर्जा पूर्ण ४ अँपिअरच्या तुलनेत ५१ टक्के. निरोगी वायरिंगला याच वेळी ६९ टक्के मिळते. धक्का मारताना सेल्फ करंट ओढत नाही, बॅटरी १२वरच राहते, आणि त्याच खराब तारांतून ७३ टक्के ऊर्जा मिळते. म्हणून धक्क्याने गाडी पकडते. जादा ताकदीच्या कॉइलच्या जाहिरातींवर किंवा बॉनेटला बांधायच्या लिंबू-मिरचीवर पैसे घालवू नका. हा अर्धा ओहम त्यांनी जात नाही.

तो शोधायचा कसा? मीटरच्या बीपवर विसंबू नका, अर्ध्या ओहमलाही मीटर वाजतो. करंट वाहत असतानाच मोजा. गाडी चौथ्या गिअरमध्ये ढकलून पॉइंट मिटतील असे इंजिन थांबवा, गिअर काढा आणि किल्ली चालू करा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरे कॉइलच्या प्लसला लावा. ०.५ व्होल्टच्या वर आकडा आला तर स्विच आणि जोड एकेक करून तपासा. (कॉइलचा करंट कमी ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाडीत इथला आकडा मोठाच येणार.) मग कॉइलचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांमध्ये मोजा: ०.३च्या आत हवे. जास्त आला तर पॉइंट मळलेत किंवा इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थ पट्टी सैल आहे. किल्ली मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका. मिटलेल्या पॉइंटवर कॉइलमध्ये जवळपास ४८ वॅट उष्णता होते.

पॉइंट उघडल्यावर कॉइलच्या मायनसवर पूर्ण १२ यायला हवेत. शून्य आला तर कंडेन्सरची तार सोडून पुन्हा बघा. १२ आले तर कंडेन्सर शॉर्ट. तरीही शून्यच असेल तर पॉइंटकडे जाणारी तार डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला टेकली आहे, किंवा कॉइल आतून तुटली आहे.

पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा दिसला तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) उंचवट्यावर टेकते आणि गॅप खोटा मोजला जातो. बारीक कानशीने सपाट करा. पॉलिश पेपर नको, त्याची करंट न वाहणारी रेती पॉइंटमध्ये अडकते. मग गॅप ०.४ मि.मी.च्या आसपास, पुस्तिकेत असेल तोच ठेवा.

सगळे आकडे बरोबर येऊनही गाडी अधूनमधून बंद पडत असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची छोटी लवचीक तार चिमटीत धरून हलकेच ताणा. प्लेटबरोबर वर्षानुवर्षे हलून आतले तांबे तुटते, वरचे आवरण शाबूत दिसते. तार रबरासारखी ताणली गेली, तर दोष तिथेच आहे.