संरक्षित स्मारकाजवळच्या जुन्या वाड्याची दुरुस्ती : परवानगी कोणाला, कागदपत्रे कोणती

सिन्नरचे गोंदेश्वर किंवा लोणारचे दैत्यसूदन मंदिर यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ जुना वाडा असेल, तर नगरपालिकेच्या परवानगीखेरीज १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याखालची परवानगीही लागते. स्मारक राज्य संरक्षित असेल तर कायदा वेगळा (१९६० चा) आणि कार्यालयही वेगळे. म्हणून आधी स्मारकावरचा फलक नीट वाचावा.

मग अंतर. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर विनियमित. मोजणी संरक्षित हद्दीपासून होते, मंदिराच्या भिंतीपासून नाही. इथेच बरेच अर्ज फसतात, कारण हद्द आवारभिंतीच्याही बाहेर असू शकते. हद्दीचा नकाशा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात पाहावा.

विनियमित पट्ट्यात नवे बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती या तिन्हींसाठी मालक किंवा कब्जेदार अर्ज करू शकतो. प्रतिबंधित पट्ट्यात खासगी घराला फक्त दुरुस्ती व नूतनीकरण, तेही वास्तू १६ जून १९९२ पूर्वीची किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेली असेल तर, आणि अर्ज मालकानेच करायचा. भाडेकरूच्या नावाने केलेला अर्ज इथे चालत नाही.

‘दुरुस्ती’ म्हणजे उभ्या वास्तूत केलेला बदल. त्याच जोत्यावर, त्याच उंचीचे घर पुन्हा उभारणे ही कायद्याच्या भाषेत पुनर्बांधणी, आणि १०० मीटरच्या आत तिला वाव नाही. त्यामुळे ‘आधी पडकी भिंत उतरवू, कागद नंतर करू’ हा सल्ला सर्वांत महागात पडतो. वाडा उतरवला की दुरुस्तीसाठी काही उरतच नाही.

अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीत भरता येतो. सोबत मालकी हक्काची कागदपत्रे, स्मारकापासूनचे अंतर दाखवणारा नकाशा, वास्तूचे प्लॅन, दर्शनी बाजू व छेद, आणि सध्याचे फोटो लागतात. सामाईक वाडा असेल तर सर्व हिस्सेदारांची संमतिपत्रे आधीच गोळा करावीत. परगावच्या एका चुलत्याच्या सहीसाठी प्रकरण अडू शकते. १९९२ पूर्वीच्या अस्तित्वाला सर्वांत बळकट पुरावा म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा. सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक जागेची मालकी सांगते, त्यावर वाडा कधीपासून उभा आहे हे त्यातून सिद्ध होईलच असे नाही. जुने खरेदीखत, ज्यात खण, माळवद, चौक यांचे वर्णन असते, तेही जोडावे.

उंची लिहिताना कठडा, जिन्यावरची खोली आणि पाण्याची टाकी धरूनच आकडा द्यावा.

कायद्यानुसार सक्षम प्राधिकारी (अर्ज घेणारा आणि परवानगी देणारा अधिकारी) १५ दिवसांत अर्ज पुढे पाठवतो, राष्ट्रीय प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस कळवते आणि त्यानंतर महिनाभरात निर्णय होतो. त्रुटी निघाल्या तर वेळ वाढतो, म्हणून छप्पर गळत असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर अर्ज करू नये. दिवाळीनंतर लगेच करावा. नकार द्यायचा असेल तर अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आदेशही लेखी लागतो.

विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवानगी हाती आल्यावर तिची प्रत नगरपालिकेच्या अर्जाला जोडावी आणि मंजूर नकाशाबाहेर एक खिडकीही वाढवू नये.