अक्षराआधीच्या रेघोट्या

बालवाडीतून घरी आलेल्या मुलाला "आज काय लिहिलंस?" असं विचारणारे पालक गल्लोगल्ली भेटतात, "आज काय काढलंस?" असं विचारणारे क्वचितच. मुलानं कागदभर गोल गोल फिरवलेला खडू हा आपल्याला वेळ घालवणं वाटतो, फार तर हाताला वळण लागण्याची तयारी. बालशिक्षणातले जाणकार गेली शंभर वर्षं सांगत आहेत की ती रेघ म्हणजे मुलाचं बोलणंच आहे. तरी ते आपल्या पचनी पडलेलं नाही. का पडलेलं नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

पंतोजींच्या शाळेत लिहिणं सुरू व्हायचं ते धूळपाटीवर. फळीवर धूळ पसरायची, पंतोजींनी काढून दिलेलं अक्षर गिरवायचं, फळी हलवून पुन्हा सपाट करायची. हात बसला की मग कित्ता. सुंदर, एकसारखं, घोटीव अक्षर हा इथे गुणच मानला जाई. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लेखन कसं करावं ह्या समासानं होते, ती उगाच नाही. ह्या परंपरेत हात शिकायचा तो दुसऱ्यानं काढलेल्या वळणावरून. दसऱ्याला पाटीपूजनासाठी '१' हा आकडा पुन्हापुन्हा मांडून काढलेली सरस्वती अनेकांना आठवत असेल. माझ्या मते आपल्याकडच्या शाळेतलं ते सगळ्यात देखणं बालचित्र, पण तेही ठरलेलं. सगळ्यांच्या पाटीवर तीच सरस्वती.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. धूळपाटी काय किंवा दगडी पाटी काय, दोन्ही पुसण्यासाठीच होत्या. मुलानं कोपऱ्यात स्वतःचं काही काढलं असेलही, पण ते पाहायला कोणाच्याच हाती उरलं नाही. मुलांच्या चित्रांचा अभ्यास युरोपात सुरू झाला, त्याला तिथल्या स्वस्त कागदाचाही हातभार होता, असं मला वाटतं.

इंग्रजी अमदानीत चित्रकला शाळेत आली, पण वेगळ्याच कारणासाठी. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिथून शाळांपर्यंत झिरपलेली शिस्त लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या सरकारी कलाशाळेची होती: नमुना समोर ठेवा, बाह्यरेषा अचूक उतरवा, डोळा आणि हात तयार करा. कारागीर घडवण्यासाठी ती योग्यही असेल. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय आठवतील. चित्र म्हणजे जे नीट जमतं किंवा चुकतं, ही समजूत आपल्या घरांत तिथूनही आली. चार वर्षांच्या मुलीनं काढलेल्या माणसाला धड नाही, हातपाय थेट डोक्यातून फुटलेत, म्हणून आई रबर घेऊन बसते, ती ह्याच समजुतीपोटी.

युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वारं बदललं होतं. कोर्रादो रिच्ची ह्या इटालियन कला-अभ्यासकानं पावसात बोलोन्यातल्या एका कमानीखाली आडोसा घेतला असताना भिंतीवरच्या पोरांच्या रेघोट्या पाहिल्या आणि १८८७ साली बालकलेवर पुस्तक लिहिलं. १८९७ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक ह्या चित्रकारानं मुलांसाठी कलावर्ग उघडला, तिथे नमुना समोर ठेवण्याची पद्धत त्यानं सोडून दिली. फ्रान्समध्ये ल्युके ह्या अभ्यासकानं स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपली आणि मूल दिसतं ते नव्हे, तर त्याला ठाऊक असतं ते काढतं, असं मांडलं. घराच्या भिंतीआडची माणसं चित्रात दिसतात ती म्हणूनच. पुढे अमेरिकेत ऱ्होडा केलॉग ह्या बालशिक्षिकेनं लाखो बालचित्रं गोळा करून रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार सांगितले.

आपल्याकडे हे सगळं सरळ आलं नाही. आलं ते माँटेसरीच्या वाटेनं, आणि इथेच गंमत आहे. इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंना मुक्त चित्रकलेचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांच्या पद्धतीत धातूच्या भौमितिक चौकटी असतात. मूल त्यांची कड गिरवतं आणि आतला भाग समांतर रेघांनी भरतं. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवतं. चित्र शिकवू नका, हात आणि डोळा तयार करा, चित्र आपोआप येईल, अशी त्यांची भूमिका. म्हणजे मुलाला स्वातंत्र्य देणाऱ्या ह्या पद्धतीतही रेघेचा मोठा भाग लेखनाच्या तयारीसाठीच राखलेला होता. गिरवण्याची सवय असलेल्या आपल्या शिक्षकांना तो भाग चटकन भावला असणार.

गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडलं. ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ह्या मंडळींनी माँटेसरी आहे तशी उचलली नाही. गोष्टी आणि नाटक, ज्यांबद्दल माँटेसरीबाई साशंक होत्या, ते गिजुभाईंनी बालमंदिराच्या मध्यभागी आणले. मुलाच्या कल्पनेला शाळेत जागा मिळाली ती ह्या दुरुस्तीमुळे.

मग मुंबईच्या उत्तरेचं बोर्डी गाव. ताराबाईंनी १९४५ मध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं आणणार कुठून? बिया, शंख, काड्या, पानं, माती हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. हा डहाणू तालुका, वारली आदिवासींचा मुलूख. तिथल्या मुलानं पाटी पाहण्याआधी कुडाच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठानं काढलेला लग्नाचा चौक पाहिलेला असे. त्रिकोणांची माणसं, झाडं, जनावरं असं रेघेचं अख्खं जग घरातच. कोसबाडची आठवण निघते ती अंघोळी, गाणी, गुराखी मुलांसाठीची कुरणशाळा, पाळणाघर-बालवाडी-शाळा एकत्र असलेली विकासवाडी ह्यांसाठी. भिंतीवरची रेघ आणि बालवाडीतली रेघ ह्यांच्या नात्याबद्दल मात्र आपण फार कमी बोललो.

तो धागा वेगळ्या ठिकाणी उचलला गेला, वर्ध्याजवळ सेवाग्रामला. शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोस ह्यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये नयी तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाच्या, शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. मुलाचं चित्र सुधारायचं नसतं, त्याला काढायला जागा, वेळ, साहित्य द्यायचं असतं, हे त्यांनी तिथे अनेक वर्षं करून दाखवलं आणि पुढे लिहिलंही. नयी तालीममध्ये कला शोभेची नव्हती, सूत आणि शेती ह्यांच्या बरोबरीची होती. महाराष्ट्राच्या भूमीवर हे घडलं, तरी मराठी बालवाड्यांत ते फार पसरलं नाही. बुनियादी शाळाच मागे पडल्या, त्यांच्यासोबत हेही गेलं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं, पण भर पोषण आणि लसीकरणावर राहिला, आणि त्या काळची गरजही तीच होती. शहरांत दुसरीकडे नर्सरी, ज्युनियर केजी, सीनियर केजी आल्या, प्रवेशाच्या मुलाखती आल्या, रेघेत अक्षर बसवण्याच्या वह्या आल्या. शाळकरी मुलांवरचं ओझं कमी करण्यासाठी नेमलेल्या यशपाल समितीनं १९९३ मध्ये नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या-मुलाखती बंद करा असं स्पष्ट सांगितलं. वह्या मात्र टिकल्या. मनगटाची आठ हाडं जन्मतः कूर्चेची, म्हणजे मऊ, असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून हाड बनत जातात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून पानभर 'अ' गिरवून घेणाऱ्यांनी ते ऐकलेलं नसतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानला आणि २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तीन ते सहा वयासाठी ठरावीक पाठ्यपुस्तक नको असं म्हटलं. मूल्यमापन निरीक्षणावरून आणि मुलानं केलेल्या वस्तूंवरून, चित्रंही त्यात आलीच. पूर्वी पाटीवर पुसलं जाणारं आता जपायचं आहे, तारीख टाकून, मूल काय म्हणालं ते खाली लिहून. कल्पना उत्तम आहे. फक्त अंगणवाडी सेविकेकडे पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, वजनं, गृहभेटी आहेतच. तीस मुलांच्या चित्रांसमोर बसून "हे काय काढलंस, सांग बरं" असं विचारायला तिला वेळ कोण काढून देणार, हे अजून कुठल्या परिपत्रकात वाचनात आलेलं नाही.