सेंटर जखमी झाला: बदली सेंटर वेगळा, स्मॉल बॉल वेगळा

बास्केटबॉलमध्ये पहिल्या पाचातला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, घोटा धरून खाली बसला की बेंचवरून हमखास ऐकू येतं, "चला, आता स्मॉल खेळू." पुढच्या मिनिटाला सहा फूट दोन इंचांचा फॉरवर्ड सेंटरच्या जागी जातो, बाकी सगळं जसंच्या तसं चालू राहतं आणि समोरचा संघ बघता बघता दहा गुणांनी पुढे निघून जातो. मग खापर स्मॉल बॉलवर फुटतं. खरं तर तिथे स्मॉल बॉल खेळलाच गेलेला नसतो. कमी उंचीचा बदली सेंटर खेळलेला असतो.

बदली सेंटरमध्ये माणूस बदलतो, खेळ तोच राहतो. स्मॉल बॉलमध्ये सेंटर ही जागाच काढून टाकली जाते आणि तिचं काम पाच जणांत वाटलं जातं. दोन्हींत कोर्टवरची सरासरी उंची कमी होऊ शकते, म्हणून लांबून बघणाऱ्याला ती एकच वाटतात.

त्याआधी एक नियम, कारण घाईत तो विसरला जातो. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत जखमी खेळाडू साधारण १५ सेकंदांत खेळायला उभा राहिला नाही किंवा त्याच्यावर उपचार करावे लागले, तर त्याला बदलावं लागतं. दुखापत फाऊलवर झाली असेल आणि फ्री थ्रो त्याचेच असतील, तर ते त्याच्या जागी येणारा खेळाडू टाकतो. म्हणजे त्या क्षणी कोणाला आत पाठवायचं हा उंचीचा प्रश्नच नाही. बेंचवरचा सगळ्यात भरवशाचा फ्री थ्रोवाला उठवा. सेंटरचं काय करायचं ते नंतर ठरवता येतं.

बदली सेंटर

सेंटरचं काम आधी सुटं करून पाहू. बचावात रिंगपुढे उभं राहून ले-अप (रिंगपर्यंत जाऊन जवळून टाकलेला शॉट) अडवणं, समोरच्या सेंटरला पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या जागेत, जागा न देणं, रिबाउंड घेणं आणि मागून ओरडून सांगणं: "डावीकडे स्क्रीन!" हे ओरडणं स्कोअरशीटवर येत नाही. पण सगळं कोर्ट समोर दिसणारा तोच एक असतो, म्हणून तो गेल्यावर पहिली काही मिनिटं गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारे खेळाडू) स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या समोरच्या खेळाडूवर, जाऊन आपटत राहतात. आक्रमणात स्क्रीन लावणं, रिंगकडे रोल होणं, पोस्टमध्ये पाठ करून चेंडू घेणं.

बदली सेंटरच्या योजनेत ही सगळी यादी एकाच माणसाकडे जाते. पहिली अडचण दमसासाची नसते, फाऊलची असते. ४० मिनिटांच्या सामन्यात १० मिनिटं खेळणारा राखीव सेंटर त्यात २ फाऊल करत असेल, तर त्याच गतीने २५ मिनिटांत त्याचे ५ भरतात आणि तो बाहेर. त्यामुळे त्याला एवढा वेळ खेळवायचं तर त्याची सवय बदलावी लागते: ब्लॉकसाठी उडी नाही, हात सरळ वर, छाती पुढे. पहिल्या हाफमध्ये दुसरा फाऊल झाला की लगेच बेंचवर. आक्रमणातले फाऊलही मोजायचे. हलत्या स्क्रीनची शिट्टी राखीव सेंटरवर वाजते, पण बहुतेक वेळा चूक गार्डची असते. मुख्य सेंटर अर्धा सेकंद आधी पाय रोवायचा, त्या अंदाजाने गार्ड निघतो आणि नवा माणूस अजून सरकतच असतो. सरावात गार्डला एकच सूचना पुरते: त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले दिसेपर्यंत थांब.

बचावात तुमचा संघ पिक अँड रोलवर (स्क्रीन लावणारा लगेच रिंगकडे रोल होतो त्या चालीवर) ड्रॉप खेळत असेल, म्हणजे सेंटर स्क्रीनपासून मागे राहून रिंग राखत असेल, तर ड्रॉप तसाच ठेवा, फक्त खोली बदला. मुख्य सेंटर फ्री थ्रो लाइनच्या एक पाऊल आत थांबत असेल आणि राखीवाचे पाय जड असतील, तर त्याला आणखी मीटर-दीड मीटर मागे उभं करा. मग मधल्या अंतरावरचा शॉट मोकळा मिळतो. तो मिळू द्यायचा. मात्र गार्डने स्क्रीनच्या वरून जाऊन पाठलाग करायचाच. तो स्क्रीनखालून गेला तर तोच शॉट रेषेबाहेरून तीन गुणांचा होतो.

पासची उंची ही बारीक वाटणारी पण महागात पडणारी गोष्ट. मुख्य सेंटरसाठी रिंगजवळ फेकलेला उंच पास राखीवाच्या बोटांना लागून बाहेर जातो. त्याला एक पाऊल आधी, छातीच्या उंचीवर किंवा टप्प्याचा पास द्या. आणि रचना कमी करा. बारा-तेरा असतील तर त्यातल्या ज्या मुख्य सेंटरच्या हुक शॉटवर किंवा पोस्टमधून त्याने द्यायच्या पासवर उभ्या आहेत त्या कपाटात, उरलेल्या पाच-सहा पक्क्या.

स्मॉल बॉल

इथे रिंगखाली आपला माणूसच नसतो. आक्रमणात पाचही जण थ्री-पॉइंट रेषेबाहेर: दोन कॉर्नरला, दोन विंगवर, एक मध्ये, आणि दोघांत साडेचार-पाच मीटर अंतर. समोरचा उंच सेंटर आता पेचात पडतो. आपल्या माणसाला धरून बाहेर आला तर मधली वाट मोकळी. आतच थांबला तर त्याचा माणूस मोकळा.

हिशोब साधा आहे. समोरचा सेंटर पोस्टमधून ५० टक्के शॉट टाकत असेल तर शंभर शॉटना १०० गुण. तुम्ही ३४ टक्के थ्री टाकत असाल तर शंभर शॉटना १०२. उंची सोडून दिली तरी हिशोब जुळला. पण हेच प्रमाण २८ वर आलं की ८४ उरतात. चार जण तरी बाहेरून नेमाने शॉट टाकणारे नसतील तर स्मॉल बॉलचा विषय तिथेच संपतो.

बचावात प्रत्येक स्क्रीनवर स्विच, म्हणजे दोघांनी आपापला माणूस एकमेकांशी बदलून घ्यायचा, एक ते पाच सगळे. त्यामुळे कधीतरी गार्ड समोरच्या सेंटरसमोर पोस्टमध्ये अडकतो, हे गृहीतच धरायचं. तेव्हा मागे उभं राहून ढकलाढकली करण्यात अर्थ नाही. त्याच्या पुढ्यात यायचं, चेंडू नसलेल्या बाजूचा एक जण मागून आधाराला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पास देणाऱ्यावर दबाव. पास देणारा निवांत असेल तर डोक्यावरून चेंडू जातो आणि पुढ्यात उभं राहणं फुकट. चेंडू आत गेलाच तर मदतीला दुसरा माणूस कधी पाठवायचा? चेंडू हातात येताक्षणी नको. तेव्हा त्याचं डोकं वर असतं आणि मोकळा माणूस त्याला दिसतो. त्याने पहिला ड्रिबल टाकला की जायचं.

रिबाउंडची पद्धत तर पूर्ण उलटी. आपल्याकडचा सगळ्यात जाडजूड खेळाडू रिबाउंड घ्यायला उडी मारत नाही. तो समोरच्या सेंटरला पाठीने रिंगपासून लांब रोखून धरतो आणि चेंडू गार्ड उचलतात. म्हणजे शॉट सुटल्यावर गार्डने फास्ट ब्रेकसाठी पुढे पळायचं नाही. स्मॉल बॉल सगळ्यात जास्त इथे फसतो: एक जण आधी सुटतो, उरलेल्या चौघांवरून रिबाउंड समोरच्याला मिळतो आणि त्यांना नवे १४ सेकंद. एका ताब्यात दोनदा असं झालं की शेवटचा शॉट रिंगखालूनच जातो.

दमणूकही आहे. जो खेळाडू दहा-बारा किलो जास्त वजनाच्या सेंटरला अडवतोय, तो पाच-सहा मिनिटांनंतर स्वतःचे थ्री आखूड टाकायला लागतो. शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागले की त्याला विश्रांती द्या, स्कोअर काहीही असो.

न इकडचा, न तिकडचा

आता सुरुवातीचा तो सहा फूट दोन इंचांचा फॉरवर्ड. तो ड्रॉपमध्ये मागे उभा आहे, पण ले-अप अडवायला उंची नाही. गार्ड मात्र सवयीने चेंडूवाल्याला त्याच्याकडेच हाकत आहेत. आक्रमणात तो पोस्टमध्ये पाठ करून चेंडू मागतोय, त्यामुळे समोरच्या सेंटरला बाहेर यावंच लागत नाही. बदली सेंटरचा फायदा नाही, स्मॉल बॉलचाही नाही. कोणता प्रकार चाललाय हे ओळखायचं असेल तर उंची पाहू नका. पहिला पिक अँड रोल झाला तेव्हा स्विच झाला का, आणि त्या वेळी दोन्ही कॉर्नर भरलेले होते का, एवढं पाहा.

एकाच संघाने एकाच दुखापतीवर दोन्ही उत्तरं देऊन पाहिल्याचं नामी उदाहरण एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १९७० च्या अंतिम मालिकेत आहे. न्यूयॉर्क निक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स २-२. ४ मेच्या पाचव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये निक्सचा सेंटर विलिस रीड मांडी दुखावून बाहेर गेला. समोर लेकर्सचा सेंटर विल्ट चेंबरलेन. हाफटाइमला निक्स ४०-५३ मागे. तेव्हा बिल ब्रॅडलीने सुचवलं की आक्रमणाची मांडणी १-३-१ करू: वर एक, फ्री थ्रो लाइनच्या रेषेत तीन, बेसलाइनला एक, पोस्टमध्ये सेंटर नाहीच. एनबीएत तेव्हा झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखायला) बंदी होती, त्यामुळे चेंबरलेनला रिंगखाली ठाण मांडून बसता येईना. बचावात फॉरवर्ड डेव्ह डीबुशर आणि डेव्ह स्टॉलवर्थ त्याला आळीपाळीने भिडले, बाकीचे चेंडू तिथे पोहोचूच नये म्हणून पासच्या वाटा अडवत राहिले. निक्स १०७-१०० ने जिंकले. थ्री-पॉइंट रेषा एनबीएत यायला अजून नऊ वर्षं होती, तरीही हा स्मॉल बॉलच.

६ मेला सहावा सामना. रीड नव्हता, नेट बोमनसारख्या राखीव सेंटरला चेंबरलेनसमोर उभं केलं. चेंबरलेनचे ४५ गुण, २७ रिबाउंड, लेकर्स १३५-११३. यावरून बदली सेंटर वाईट आणि स्मॉल बॉल चांगला असा निकाल लावू नये. पाचव्या सामन्यात लेकर्सना धक्का अनपेक्षित होता, सहाव्यासाठी त्यांना तयारीला वेळ मिळाला. पण तुमची अडचण समोर आधीच कळलेली असेल तर साधा बदली सेंटर किती उघडा पडतो, ते त्या आकड्यांत दिसतं.

उलटा गैरसमज १९८० च्या अंतिम मालिकेचा. लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीने लॉस एंजेलिसलाच थांबला, फिलाडेल्फियातल्या सहाव्या सामन्यात २० वर्षांचा गार्ड मॅजिक जॉन्सन सुरुवातीच्या टिप-ऑफला (सामना सुरू करणाऱ्या उडीला) उभा राहिला, ४२ गुण, १५ रिबाउंड आणि ७ असिस्ट करून गेला, आणि "गार्डने सेंटर खेळून अजिंक्यपद जिंकलं" ही कथा पक्की झाली. पण समोरच्या डॅरिल डॉकिन्सला आत रोखायचं काम मुख्यतः जिम चोन्सकडे होतं, तो खराखुरा उंच खेळाडू. जमाल विल्क्सने ३७ गुण काढले. म्हणजे बचावात बदली सेंटर, आक्रमणात मोकळा खेळ. टिप-ऑफला कोण उभा राहिला यावरून काहीच ठरत नाही.

टीव्हीवर बघून ठरवताना

एनबीएत बचाव करणाऱ्यालाही तीन सेकंदांचा नियम आहे; कोणाला जवळून अडवत नसेल तर तो पेंटमध्ये (रिंगपुढच्या चौकटीत) रेंगाळू शकत नाही. फिबात तो नियम नाही. आपल्या शालेय, आंतरमहाविद्यालयीन आणि राज्य स्पर्धांत समोरचा उंच सेंटर रिंगखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो, झोनही लावू शकतो. म्हणून गोल्डन स्टेटने २०१५ च्या अंतिम मालिकेत १-२ ने मागे असताना सेंटर अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं आणि मालिका ४-२ ने जिंकली, ते जसंच्या तसं इथे उचलता येत नाही. फिबात त्या सेंटरला बाहेर काढायचा उपाय एकच: ६.७५ मीटरवरून चेंडू आत जायला हवा.

शिवाय २०१५ मध्ये बोगट तंदुरुस्त होता, उंच खेळायचं की आखूड हे प्रशिक्षकाच्या हातात होतं. २०१६ च्या अंतिम मालिकेत पाचव्या सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि ३-१ ची आघाडी असूनही गोल्डन स्टेट हरलं. सगळं त्या गुडघ्यावर ढकलता येणार नाही, पाचव्या सामन्यात त्यांचा ड्रेमंड ग्रीन निलंबित होता. पण उंच खेळायचा पर्याय हातात उरला नाही की स्मॉल बॉलची धार जाते. समोरच्याला दोन्हींची तयारी करावी लागत नाही.

निवडताना समोरच्या सेंटरकडे पाहा. तो पोस्टमध्ये दोघांच्या गराड्यातून पास काढू शकत असेल तर बदली सेंटरच, राखीव कितीही साधा असला तरी. तो फक्त स्क्रीन लावून रोल होणारा असेल, पाठ करून खेळता येत नसेल, तर स्मॉल बॉल. स्विचमुळे त्याचा रोलच संपतो. बऱ्याच संघांना दोन्ही लागतात: क्वार्टरची पहिली सहा मिनिटं राखीव सेंटर, शेवटची चार स्मॉल. हा बदल खेळ थांबलेला असतानाच करायचा आणि सगळ्यांनी एकच हाक ठरवायची, नाहीतर दोघे स्विच करतात, तिघे ड्रॉप खेळतात आणि रिंगखाली समोरचा एकटा उभा असतो.

मुख्य सेंटर परत येतो तेव्हाही घाई नको. चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत खेळवा, समोरचा राखीव सेंटर कोर्टवर असताना आत आणा, आणि पहिल्या दिवशी त्याला स्विचमध्ये टाकू नका. बाहेर येऊन गार्डमागे आडवं सरकणं हेच बरा होत आलेल्या घोट्याला सगळ्यात जड जातं. ड्रॉपमध्ये तो खूपसा सरळ मागे-पुढेच हलतो. १९७० च्या सातव्या सामन्यात रीड मांडीत इंजेक्शन घेऊन उतरला, पहिले दोन शॉट टाकले आणि त्या ४ गुणांवरच थांबला. निक्सचे बाकीचे गुण इतरांनी काढले, त्यातले ३६ वॉल्ट फ्रेझरचे. रीडकडे २७ मिनिटं काम एकच: चेंबरलेनला त्याच्या आवडीच्या जागेवरून एक पाऊल बाहेर ठेवणं.