नागरी हक्क चळवळ, अमेरिकी : उगम व आरंभ

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी वंशभेदाचे कायदे रद्द करून मताधिकार, शिक्षण व रोजगार यांत समान हक्क मिळविण्यासाठी उभारलेली चळवळ. यादवी युद्धानंतरच्या तीन घटनादुरुस्त्यांनी (१८६५–७०) गुलामगिरी संपली, नागरिकत्व मिळाले, कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकारही लाभला. परंतु १८७७ नंतर दक्षिणेत हे हक्क बव्हंशी कागदावरच राहिले. ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ (१८९६) या निकालाने ‘स्वतंत्र परंतु समान’ या तत्त्वाखाली वंशविभाजनाला न्यायालयीन मान्यता दिली.

चळवळीचा आरंभ कधी धरावा, याविषयी एकमत नाही. शालेय वंशविभाजन अवैध ठरविणारा ‘ब्राउन’ निकाल (१७ मे १९५४) किंवा अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराचा बस-बहिष्कार (१९५५–५६) येथून तो धरण्याची प्रथा जुनी आहे. अलीकडचे काही अभ्यासक तो १९३०–४० च्या दशकांपर्यंत मागे नेतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कृष्णवर्णीय वकील चार्ल्स ह्यूस्टन यांची वंशविभाजनाविरुद्धची न्यायालयीन लढाई त्याच काळातील. मिझुरीच्या विधिमहाविद्यालयातील प्रवेशाचा गेन्स खटला त्यांनी १९३८ मध्ये जिंकला. कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा देताच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण-उद्योगांत वंशभेदास मनाई करणारा आदेश काढला (जून १९४१). १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली होती. खुद्द बस-बहिष्कारही लुइझियानातील बॅटन रूझ येथे जून १९५३ मध्ये झालेला होता. मात्र दीर्घकाळ टिकलेला व्यापक लोकसहभाग माँटगोमेरीतच प्रथम दिसला, हा जुन्या मताचा मुद्दा डावलता येत नाही.

माँटगोमेरीत बसच्या पुढील दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीय उतारूंना उभे राहावे लागे. पुढल्या दाराशी भाडे देऊन खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, असाही प्रकार होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या राखीव जागांच्या लगेच मागे बसल्या होत्या. एका गोऱ्या उतारूसाठी चौघांना उठविण्यात आले; तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत; त्यांना अटक झाली. दमलेली शिवणकाम करणारी बाई, हे त्यांचे रूढ चित्र अपुरे आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एन.ए.ए.सी.पी.’ या संघटनेच्या स्थानिक शाखेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनलाही याच कारणावरून अटक झाली होती. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी बसवर बहिष्काराचे आवाहन करणारी हजारो पत्रके छापून काढली. बहिष्काराचा इशारा देणारे पत्र त्यांनी महापौरांना दीड वर्ष आधीच, ‘ब्राउन’ निकालानंतर चार दिवसांनी, पाठविले होते.

आरंभीच्या मागण्या अगदी माफक होत्या : सौजन्याची वागणूक, आधी येईल त्याला आधी जागा (कृष्णवर्णीयांनी मागून, गोऱ्यांनी पुढून बसावे) आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक. त्याही नाकारल्या गेल्या. ३८१ दिवस लोक पायी किंवा सामायिक मोटारींतून कामावर गेले. बसमधील वंशविभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यातील आदेशानंतर २१ डिसेंबर १९५६ पासून ते संपले. पुढे १० जानेवारी १९५७ रोजी शहरातील चार कृष्णवर्णीय चर्चवर बाँबहल्ले झाले.