रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू (आरएसव्ही)

श्वसनमार्गात शिरणारा अतिशय सांसर्गिक विषाणू. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण एकदा तरी होऊन जाते. त्यातून मिळणारी प्रतिकारशक्ती फार टिकत नाही, म्हणून पुढेही तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा गाठतो. धडधाकट मोठ्या माणसाला नाक वाहणे, घसा खवखवणे, थोडा खोकला एवढाच त्रास होतो, आणि धोका इथेच आहे. घरातल्या कुणाचे तरी ‘साधे पडसे’ तान्ह्या बाळापर्यंत पोचले की ते साधे राहत नाही. २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले या संसर्गामुळे दगावली, असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक सगळी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. ऑक्सिजन वेळेवर मिळाला असता तर त्यांतली कितीतरी वाचली असती.

१९५०च्या दशकाच्या मध्यास सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये हा विषाणू प्रथम सापडला. लवकरच रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तोच विषाणू आजारी बालकांमध्ये मिळाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी त्याच्या संसर्गाने एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकांचा एकच मोठा गोळा, म्हणजे सिन्सिशियम, तयार होतो. नाव त्यावरून पडले. आरएनए हे त्याचे जनुकीय द्रव्य असून त्याचे ए आणि बी असे दोन उपप्रकार आहेत.

फुप्फुसांतल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांवर त्याचा मारा होतो. तिथले अस्तर सुजते आणि मेलेल्या पेशी व चिकट कफ नळीत साचतात. मोठ्या माणसाच्या नळीत तेवढ्याने फारसे अडत नाही. बाळाची मुळातच अरुंद नळी मात्र बुजत येते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. छातीतून येणारी शिटीसारखी घरघर ती हीच. या आजाराला ब्रॉंकिओलायटिस म्हणतात.

लागण झाल्यावर साधारण ४ ते ६ दिवसांनी नाक वाहू लागते. बाळ दूध कमी पिते, शिंकते, खोकते. ताप असतोच असे नाही, त्यामुळे ‘ताप नाही, म्हणजे काळजी नाही’ हा हिशेब इथे चुकतो. लक्षणे सुरू झाल्यापासून तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत जड जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी बाळ बरे दिसले तरी लक्ष काढून घेऊ नये.

थर्मामीटरपेक्षा बाळाचा श्वास जास्त सांगतो. बाळ शांत किंवा झोपलेले असताना अंगावरचे कपडे वर करावेत आणि घड्याळ लावून पुरते एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे बाळाला जलद श्वास लागला आहे. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, तेही पाहावे. आयाबाया ‘पोट उडतंय’ म्हणतात ते यालाच, आणि त्यांचे हे निरीक्षण अगदी अचूक असते. नाकपुड्या फुलणे, श्वास सोडताना कण्हणे, नेहमीच्या निम्मेही दूध न जाणे, लंगोट तासन्‌तास कोरडा राहणे, ओठ निळसर दिसणे, बाळ मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अपुऱ्या दिवसांच्या आणि काही आठवड्यांच्या बाळांत घरघर नसतानाही श्वास मध्येच काही सेकंद थांबू शकतो. त्यांच्याबाबत थांबून पाहणे नकोच.

विषाणूवर नेमके मारा करणारे, सर्रास वापरता येईल असे औषध नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाहीत. वाफाऱ्याची दम्याची औषधे आणि स्टेरॉइड यांचाही ब्रॉंकिओलायटिसमध्ये सहसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. पाजण्यापूर्वी नाकात सलाइनचे थेंब घालून नाक मोकळे करावे आणि थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. बाजारातली खोकल्याची औषधे लहान मुलांना देऊ नयेत. रुग्णालयात ऑक्सिजन, नळीने दूध किंवा सलाइन, आणि गरज पडल्यास श्वासाला यंत्राचा आधार दिला जातो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

संसर्ग शिंका-खोकल्यातल्या थेंबांतून आणि हातांवाटे पसरतो. कठीण पृष्ठभागांवर विषाणू काही तास तग धरतो. तिथून बोटांवर आणि बोटांवरून डोळ्या-नाकात जातो. साबणाने तो सहज नष्ट होतो. सर्दी झालेल्याने तान्ह्या बाळाचे मुके घेऊ नयेत. ‘नका घेऊ’ असे सांगताना आईला अवघडल्यासारखे होते, म्हणून ते घरातल्या इतरांनीच सांगावे. वृद्ध, तसेच हृदयाचे, फुप्फुसांचे किंवा प्रतिकारशक्ती घटवणारे आजार असलेली माणसे यांनाही जपायला हवे.

लसीची वाट खडतर होती. १९६०च्या दशकात फॉर्मलिन या रसायनाने विषाणू निष्क्रिय करून बनवलेली लस अमेरिकेत मुलांना दिली गेली. तिने संरक्षण तर दिले नाहीच, उलट पुढे संसर्ग झाल्यावर आजार बळावला आणि दोन बालके दगावली. त्यानंतर लसीचे काम अनेक दशके अडखळले. पेशीत शिरताना या विषाणूचे ‘एफ’ प्रथिन आपला आकार बदलते. जुन्या लसीने शरीराला बदललेला आकार ओळखायला शिकवले होते. प्रभावी प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने, अँटिबॉडी) तयार होतात ती मूळ आकाराविरुद्ध. बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो मूळ आकार उलगडून स्थिर केला, आणि २०२३ मध्ये वृद्धांसाठी व गर्भवतींसाठी लसी मंजूर झाल्या. गर्भवतीला दिलेल्या लसीतून तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. त्यासाठी प्रसूतीपूर्वी किमान दोन आठवडे मिळायला हवेत. दुसरा मार्ग म्हणजे बाळालाच निर्सेव्हिमॅब या तयार प्रतिपिंडाचे एक इंजेक्शन देणे. त्याचे संरक्षण सुमारे पाच महिने टिकते. आईने वेळेत लस घेतली असेल तर बहुतेक बाळांना या इंजेक्शनची गरज पडत नाही.